कॅम्प बीलची शपथ: अमेरिकी सैन्यातली फिलिपिनो पलटण

इकडे कॅलिफोर्नियात सलिनास, स्टॉकटनच्या पट्ट्यात लेट्यूस आणि ॲस्परॅगसची अफाट शेती आहे. १९३०च्या सुमारास तिथल्या तोडणीला हजारो फिलिपिनो मजूर असत. पुढे अमेरिकी लष्कराने याच माणसांची वेगळी पलटण उभी केली.

फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात, म्हणून हे लोक अमेरिकेचे प्रजाजन. नागरिक मात्र नाहीत. १९३४च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्याने त्यांना परकीय ठरवलं आणि नव्याने येणाऱ्यांचा कोटा वर्षाला ५० वर आणला. त्यामुळे डिसेंबर १९४१ मध्ये जपानने फिलिपिन्सवर हल्ला केला, तेव्हा भरतीला गेलेल्या अनेकांना परत पाठवण्यात आलं. मग नियम बदलले. १ एप्रिल १९४२ला सॅन लुईस ओबिस्पोच्या छावणीत पहिली फिलिपिनो बटालियन सुरू झाली. माणसं इतकी आली की १३ जुलैला सलिनासमध्ये तिची रेजिमेंट झाली आणि नोव्हेंबरमध्ये कॅम्प कुकला दुसरी उभी राहिली. बंदुकीबरोबर बोलो चालवण्याचंही शिक्षण असे. बोलो म्हणजे आपल्या कोयत्यासारखं हत्यार.

युद्धकाळात परकीय सैनिकांसाठी नागरिकत्वाची वाट सोपी केली होती. त्यानुसार फेब्रुवारी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कॅम्प बील या लष्करी छावणीत सुमारे १,२०० जणांनी एकत्र शपथ घेतली.

पण गणवेशाने राज्याचा कायदा बदलत नव्हता. शेजारच्या मेरीसव्हिलमध्ये हॉटेलवाले या सैनिकांना वाढत नसत. कमांडर रॉबर्ट ऑफ्लींनी व्यापारी मंडळाला गाठून लष्करी कायदा लावण्याची तंबी दिली, तेव्हा ते नमले. लग्नाचं दुखणं अधिक खोल. कॅलिफोर्नियाने १९३३ मध्ये ‘मलय’ वंशाच्या (फिलिपिनो त्यातच धरले जात) माणसाला गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला बंदी घातली होती. न्यू मेक्सिकोत तशी बंदी नव्हती, म्हणून जोडपी बसने थेट तिथल्या गॅलप गावी जाऊन लग्नं लावत. लढायला निघालेल्या माणसाला लग्नासाठी परराज्यात जावं लागावं, याची आजही चीड येते.

१९४४ मध्ये पहिली रेजिमेंट न्यू गिनीला गेली, १९४५ मध्ये फिलिपिन्सच्या लेते आणि समार बेटांवर लढली. काहींना टेहळणी तुकडीत घेऊन पाणबुडीने जपान्यांशी गनिमी लढा देणाऱ्यांकडे उतरवलं.

आपला धागा इथे जुळतो. २ जुलै १९४६च्या लूस-सेलर कायद्याने फिलिपिनो आणि भारतीय, दोघांनाही नागरिकत्वाचा हक्क मिळाला. कोटा प्रत्येकी वर्षाला १००. कॅलिफोर्नियातली लग्नबंदी मात्र १९४८ पर्यंत टिकली. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.