आमची वाटचाल : फोटोमागच्या सहा ओळी

आमचा धंदा सुरू झाला डीटीपीवर. सांगलीत विश्रामबागला एक संगणक आणि एक लेसर प्रिंटर घेऊन बसलो. लग्नपत्रिका, हळद व्यापाऱ्यांची बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका ही कामं. पत्रिकेत देवाघरी गेलेल्या आजोबांचा फोटो टाकायचा म्हणून स्कॅनर घेतला. पहिली काही वर्षं एवढ्यातच गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. पूर ओसरल्यावर लोक पिशव्यांतून अल्बम घेऊन यायला लागले. पानं एकमेकांना चिकटलेली, काही फोटो काचेला डकलेले. स्वच्छ थंड पाण्यात भिजवून ते सोडवायचे, टिपकागदावर सुकवायचे आणि मग स्कॅन करायचे, हे आम्ही हात बसेपर्यंत करत राहिलो.

एका घरचे सहाशे फोटो आम्ही पेनड्राइव्हवर दिले. आठवड्याने मुलगा परत आला. म्हणाला, “फोटो लई चांगले आलेत, पण यात कोण कोण आहे ते आता कुणाला सांगता येईना.” अल्बममध्ये फोटोंखाली चिठ्ठ्या होत्या. काहींची शाई पुरात गेली होती. ज्या वाचता येत होत्या त्या फोटो सोडवताना आम्हीच बाजूला काढल्या आणि कुठली चिठ्ठी कुठल्या फोटोची हे लिहून ठेवलं नाही. ही चूक आमची होती. ती आजही मनाला लागते.

मग एक्सेलमध्ये नोंदी सुरू केल्या. एकदा कुणीतरी एकच रकाना अकारविल्हे लावला, बाकीचे जागेवर राहिले, आणि चारशे फोटोंची नावं इकडची तिकडे झाली. माहिती फोटोच्या फाइलीतच भरून पाहिली, पण मोबाइलवरून पाठवताना ती बऱ्याचदा गळून पडते. शेवटी प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवायची असं ठरलं. आम्ही तिला जोडफाइल म्हणतो. ती कुठल्याही संगणकावर उघडते.

आता त्या फाइलीत लिहायचं कसं? पहिल्यांदा आम्ही ‘स्थळ’ लिहून पुढे अपूर्णविराम (:) दिला आणि त्यापुढे ‘मिरज’. दिसायला सरळ, पण मराठीत तिथेच गाडी अडली. अर्धे लोक तिथे विसर्ग टाइप करतात. ‘स्थळः मिरज’ डोळ्यांना बरोबर दिसतं, पण संगणकाला त्यात खूणच सापडत नाही. उलट ‘स्वतः’ लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देणारेही तितकेच, त्यामुळे संगणक ‘स्वत’पाशीच शब्द तोडायचा. दोन ठिपके दोन, पण त्यांनी आमचा महिनाभर खाल्ला. शेवटी बरोबरचं चिन्ह (=) घेतलं, कारण ते मराठी शब्दात कधी येत नाही. एका ओळीत एकच गोष्ट, आणि ओळीतल्या पहिल्या बरोबरच्या डावीकडे खूण, म्हणजे ‘स्थळ’सारखं नाव, आणि उजवीकडे माहिती. बाकी नियम नाही.

तसाच ‘वऱ्हाड’ शब्द. त्यातला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर तंतोतंत सारखा, आत मात्र वेगळा. शोधलं की निम्मी वऱ्हाडं सापडायचीच नाहीत. आता शोधण्याआधी दोन्ही एकसारखे करून घेतो. आकडे मराठी असोत की इंग्रजी, तेही तसेच.

खुणा किती ठेवायच्या यावर सगळ्यात जास्त वाद झाला. माझी भाची ग्रंथालयशास्त्र शिकलेली. तिने डब्लिन कोअर दाखवलं, म्हणजे पुस्तक, फोटो अशा कुठल्याही गोष्टीची माहिती ठरावीक रकान्यांत नोंदवायची पद्धत. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या डब्लिन गावी १९९५ साली जमलेल्या मंडळींनी त्याची सुरुवात केली. रकाने पंधरा, आणि पुढे आयएसओ १५८३६ हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. पद्धत उत्तमच आहे. पण घरच्या अल्बमला त्यातले निम्मे रकाने रिकामे राहतात, आणि रिकामा रकाना दिसला की माणूस त्यात काहीतरी भरतोच. आम्ही सहा ठेवले, आणि तेही समोरच्या आजीला विचारायचे प्रश्न असावेत तसे :

कोण=होडीत पुढे बसलेले नवरदेवाचे वडील
कुठे=सांगली, आयर्विन पुलाजवळ
केव्हा=१९३५~
काय=नदीपार निघालेलं वऱ्हाड
मूळ=आमच्या गांवची वरात
सांगणार=नवरदेवाची धाकटी बहीण

भाचीने या प्रत्येक खुणेची डब्लिन कोअरच्या रकान्याशी जोडी लावून ठेवली आहे. उद्या एखाद्या ग्रंथालयाला संग्रह द्यायचा झाला तर अडणार नाही.

‘मूळ’मध्ये फोटोमागचं अक्षर जसंच्या तसं उतरवायचं. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ‘गांव’वरचा अनुस्वार गेला असला, तरी आम्ही तो पुसत नाही. बाकी ओळींत आजचं लेखन. ‘केव्हा’मधली नागमोडी रेघ म्हणजे ‘सुमारे’, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे ‘खात्री नाही’. या दोन खुणा आमच्या नव्हेत. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या ग्रंथालयाच्या पुढाकाराने तयार झालेली ही पद्धत २०१९ साली आयएसओ ८६०१च्या दुसऱ्या भागात आली. अंदाज मात्र इथल्याच मातीवरून बांधावा लागतो. आयर्विन पूल १९२९चा, तेव्हा फोटोत पूर्ण झालेला पूल दिसला तर साल त्याआधीचं असूच शकत नाही. पत्रिकेवर शके १८७५ असेल तर ७८ मिळवून १९५३ येतं, पण लग्न माघातलं असेल तर १९५४.

‘सांगणार’ ही ओळ आम्ही सगळ्यात शेवटी घातली आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. एका फोटोला ‘कोण=आत्या’ अशी नोंद होती. कुणाची आत्या? सांगणारा भाचा गेला आणि नातं लोंबकळत राहिलं. आता नातं लिहायचं तर कुणाशी, हे लिहिल्याशिवाय फाइल पुढे जात नाही.

दुरुस्तीसाठी आम्ही या सहा ओळी मोठ्या अक्षरात छापून फोटोसोबत घरी देतो, बरोबर एक पेन्सिल. गेल्या महिन्यात हरिपूरहून एक कागद परत आला. तो ऐंशीच्या पुढच्या आजींनी तपासला होता. ‘मावशी’ खोडून ‘नवरीची मामी’ केलं होतं. साल तसंच ठेवलं होतं, पण त्यापुढे थरथरत्या हाताने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या खुणेचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.