तुमच्याकडे बैल किती?

पोळा जवळ आला की निफाडहून फोन येतो. मामी, आत्या नाहीतर नुसतीच कुणी ओळखीची विचारते, "सासरी शेती आहे म्हणतेस, मग बैल किती?" एकही नाही म्हटलं की पलीकडे शांतता. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

माझं सासर नेपाळातलं ललितपूर, म्हणजेच पाटण. घरचे नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातले मूळचे रहिवासी, आणि त्यातले ज्यापू. नेवारांच्या भाषेत 'ज्या' म्हणजे काम, आणि ज्यापू म्हणजे शेतकरी. घर मात्र शेतात नसतं. ते शहरात, विटांचं, उंच, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून. स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर. शेत वेशीबाहेर.

नांगराचं काम इथे 'कू' करते. मी आपली कुदळ डोळ्यांसमोर आणली होती, ते चुकलंच. कूचा दांडा आखूड, पातं रुंद आणि दांड्याकडे परत वळलेलं. कमरेत पार वाकायचं, पातं मातीत रोवायचं आणि ढेकूळ आपल्याकडे ओढायचं. सासरे खणायचे तेव्हा ढेकळं एकाच मापाची निघत, विटा पाडल्यासारखी. मागून लांब दांड्याच्या लाकडी हातोड्याने ती फोडायची. मी पहिल्या वर्षी हौसेने अर्धा तास कू चालवली आणि दुसऱ्या दिवशी मला केसही विंचरता येईनात.

बैल का नाहीत? महादेवाचं वाहन जुंपू नये, पशुपतिनाथाच्या खोऱ्यात तर नाहीच, असं म्हातारी माणसं सांगतात. असेल. मला दुसरं कारण जास्त पटतं. इथे जमीन रोपनीत मोजतात. एक रोपनी म्हणजे आपले ५ गुंठे. तीही पायऱ्यापायऱ्यांच्या तुकड्यांत. त्यात जोडी वळवायची कुठे? आणि रात्री बांधायची कुठे, तिसऱ्या मजल्यावर? हल्ली कुणी कुणी भाड्याने पॉवर टिलर आणतात, तो गुरगुरत एका दिवसात मोकळा होतो.

भाताची लावणी मात्र अजून हातानेच. आपल्याकडे सावड असते तसं इथे 'बोला'. आज आमच्या खाचरात सगळी आळी, उद्या आम्ही त्यांच्या. बायकांची साडी, हाकु पटासी, काळी, लाल काठांची; आजीची चंद्रकळाच, फक्त पोटऱ्या दिसतील इतकी वर नेसलेली. मजुरी नाही, पण खाऊ घालायचं दाबून. बजी, काळे सोयाबीन, आलं, बटाटा आणि भाताची पांढरी बिअर, थ्वँ. बजी म्हणजे पोहे, पण कोरडेच. ना फोडणी, ना कांदा. याबद्दलची माझी तक्रार लग्नापासून चालू आहे. लावणी आटोपली की दिव्यांच्या अवसेच्या तोंडावर गठामुगः हा सण. चौकाचौकात गवताबांबूचा राक्षस उभा करतात आणि संध्याकाळी ओढत नेऊन गावाबाहेर घालवतात.

पावसाचा देव कोण, हे ऐकून तर निफाडकर उडालेच होते. मच्छिंद्रनाथ! आपल्या नवनाथांतले. इथे त्यांची मूर्ती लाल, आणि त्यांचा उंचच उंच रथ वैशाखापासून पाटणच्या रस्त्यांवर लोक दोरांनी ओढतात. दंतकथा अशी की १२ वर्षं दुष्काळ पडला, तेव्हा राजा नरेंद्रदेव, एक आचार्य आणि ललित नावाचा ज्यापू असे तिघे जाऊन देवाला कामरूपहून, म्हणजे आसामातून, घेऊन आले. ओझं ललितने वाहिलं. शहराचं नाव त्याच्यावरून पडलं, राजावरून नाही, हे सासरे दर वेळी बोट वर करून सांगतात.

आमच्या चार रोपन्यांपैकी दोन उरल्या आहेत. बाकीच्यांवर आता लोकांची घरं आहेत.

राहिला पोळा. त्याच अवसेला इकडे वडिलांचं तोंड बघायचा दिवस असतो. मुलं-सुना मिठाई घेऊन बापासमोर जातात. मी पुरणपोळ्या करते. पहिल्या वर्षी सासऱ्यांच्या पानात वाढताना म्हटलं, "आज माझ्या माहेरी ही बैलांना खायला घालतात." नवऱ्याने कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी घास संपवला, कंबर जरा सरळ केली आणि म्हणाले, "मग मला आणखी एक वाढ."