‘अहो, ते फिरत नाही’ : आमची वाटचाल

आज आम्ही शाळांना उजेडावर फिरणाऱ्या छोट्या ‘मेंडोसिनो मोटरी’ देतो, पण मुळात आमचं दुकान मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी, भिलवडीला. आजूबाजूला ऊस आणि द्राक्षं, त्यामुळे पंपांना तोटा नाही. व्होल्टेज पडलं, एखादा फेज गेला की मोटर जळते आणि जळाली की आमच्याकडे येते. वडिलांनी दुकान टाकलं, मी आयटीआय करून त्यांच्या शेजारी बसलो. फेब्रुवारी ते मे रात्री अकरापर्यंत काम, आणि पाऊस लागला की माशा मारायच्या.

अशाच एका जुलैत, २०१३ साली, कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर बुटाच्या खोक्यात एक वस्तू घेऊन आले. स्वेटर विणायची सुई, तिच्या मधोमध लाकडाचा चौकोनी ठोकळा, ठोकळ्याच्या चारही अंगांना सोलर सेल आणि त्यांच्या आतून तांब्याची तार गुंडाळलेली. सुईच्या दोन्ही बाजूंना गोल चुंबकं ओवलेली. पाटावरच्या चुंबकांवर ठेवली की सुई अधांतरी तरंगायची, फक्त एक टोक उभ्या काचेला टेकलेलं. सर म्हणाले, “पोरांनी प्रोजेक्ट केलाय, पण फिरत नाही. कॉइल नीट भरून द्या.”

कॉइल ठीक होती. मल्टिमीटर लावला तर तारही तुटलेली नव्हती. पण दुकानातला पिवळा बल्ब जवळ आणला की ते पाव फेरा जायचं आणि पाळण्यासारखं मागेपुढे झुलायचं. मला कळेना, कारण याला ना ब्रश ना कम्युटेटर, म्हणजे फिरत्या कॉइलला करंट पोचवणारे आणि दर अर्ध्या फेऱ्याला तो पालटणारे भागच नाहीत. मिक्सर आणि ड्रिलच्या मोटरींचे ब्रश बदलण्यात माझं निम्मं आयुष्य गेलेलं, आणि इथे बदलायला काहीच नाही! सरांनी कागदावर चित्र काढून दिलं तेव्हा उलगडलं. ठोकळ्यावर कॉइल दोन असतात, एकमेकींना काटकोनात. समोरासमोरचे दोन सेल एकाच कॉइलला जोडायचे, पण उलटे : एकाचा प्लस जिथे, तिथे दुसऱ्याचा मायनस. वरच्या सेलवर उजेड पडला की कॉइलमधून करंट जातो आणि ठोकळ्याच्या खाली पाटावर बसवलेलं वेगळं चुंबक जवळच्या तारेला बाजूला ढकलतं. दहावीच्या पुस्तकातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तो हाच. ठोकळा वळतो, शेजारचा सेल उजेडात येतो, दुसरी कॉइल काम धरते. अर्धा फेरा झाला की पहिल्या कॉइलचा उलटा सेल वर येतो आणि तिच्यातला करंट आपोआप पालटतो. म्हणजे कम्युटेटरचं काम उजेड करतो. पोरांनी समोरासमोरचे सेल सुलटेच जोडले होते. दोन तारा सोडवून उलट्या डागल्या आणि ते जे फिरायला लागलं ते मी बल्ब विझवीपर्यंत थांबलं नाही. वडील गिऱ्हाइकाचा स्टार्टर तसाच उघडा टाकून बघायला आले.

याला मेंडोसिनो मोटर म्हणतात. कॅलिफोर्नियात मेंडोसिनो नावाचा परगणा आहे, तिथल्या फोर्ट ब्रॅग गावच्या लॅरी स्प्रिंग यांनी १९९४ मध्ये ती लोकांसमोर आणली. त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. उजेडाकडून करंट पालटून घ्यायची युक्ती त्याआधीची, १९६०च्या दशकातली, डॅरिल चॅपिन यांची. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेत कामाचा पहिला सिलिकॉन सोलर सेल ज्या तिघांनी केला त्यांतले ते एक.

सरांनी ओळखीच्या शाळांसाठी आणखी दहा मागितल्या. त्या दहा करायला आम्हाला दोन महिने लागले. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीत तार अठरा-वीस गेजची, तिथे उन्नीस-बीस चालून जातं. इथे तार छत्तीस गेजची (गेज वाढेल तशी तार बारीक), एका कॉइलला शंभर वेढे, एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देणार. एवढ्याशा जोरात काहीच झाकलं जात नाही. ठोकळा एका अंगाला ग्रॅमभर जड असला तरी ती बाजू खाली जाऊन बसते. बायकोच्या नेलपॉलिशचा एक थेंब हलक्या बाजूला लावायचा, वाळू द्यायचा, पुन्हा बघायचं. आजही आम्ही बॅलन्सिंग असंच करतो, फक्त बाटल्या आता डझनाने येतात आणि दुकानदार रंग विचारतो. वाइंडिंगला गावातल्या तीन ताई आहेत. त्यातल्या एकीने पहिल्या दिवशीच सांगितलं की शंभर मोजताना बोलता येत नाही म्हणून दर दहा वेढ्यांना चिंचोका टाकणार. टेबलावर वाटीत दहा चिंचोके अजून असतात.

शाळांत सगळ्यांचा पहिला प्रश्न काचेचा. “ती काच काढून दाखवा की, मग खरं.” काच काढली की सुई पुढे सरकते आणि कोलमडते. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रजाने १८४२ मध्ये गणिताने दाखवून ठेवलंय की नुसत्या कायमच्या चुंबकांनी वस्तू अधांतरी स्थिर राहू शकत नाही, कुठल्या ना कुठल्या दिशेला ती सटकणारच. म्हणून आम्ही एक दिशा काचेला देतो. टोक गुळगुळीत काचेवर एका बिंदूत टेकतं, घर्षण नावालाच. पण मुलांना तरंगणं बघायचं असतं, काच त्यांना लबाडी वाटते.

२०१५ पर्यंत आम्ही तयार यंत्रं विकत होतो आणि धंदा बरा चालला होता. मग फोन यायला लागले. “अहो, ते फिरत नाही.” आधी तासगाव, मग विटा, मग साताऱ्याकडचे. गंमत म्हणजे हीच यंत्रं वर्षभर नीट फिरली होती. मी स्कूटरवर जाऊन चार आणली, दुकानात बल्बखाली ठेवली, चारही भिंगरीसारखी फिरली. परत नेऊन दिली, दुसऱ्या दिवशी फोन. एका मुख्याध्यापकांनी तर माल परत घ्या असं पत्रच धाडलं. शेवटी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो आणि वर बघितलं. नवीन एलईडी ट्यूब! त्या वर्षी जानेवारीत सरकारची स्वस्त एलईडी दिव्यांची उजाला योजना सुरू झाली होती आणि घरोघरचे, शाळाशाळांचे पिवळे बल्ब उतरत होते. पिवळा बल्ब खातो त्यातली बहुतेक वीज उष्णतेत जाते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत. सिलिकॉनच्या सेलला तेच किरण जास्त मानवतात. एलईडीत ते जवळजवळ नसतातच. आपल्याला खोली लख्ख दिसते, सेल मात्र उपाशी. यंत्र उचलून पटांगणात नेलं, उन्हात ठेवलं, आणि मुख्याध्यापकांनी पत्र परत मागितलं. मी दिलं नाही, अजून ड्रॉवरमध्ये आहे.

पांढऱ्या बेसची चूक मात्र आमचीच. देखणं दिसावं म्हणून पुतण्याने पांढऱ्या ॲक्रिलिकचा बेस करून आणला. सगळ्यांना आवडला आणि सगळी यंत्रं सुस्त झाली. पांढऱ्यावरून उजेड उसळून खालच्या सेलवर पडतो, तो उलटा जोडलेला, त्यामुळे वरच्याच्या करंटला तो खालून कापतो. ढगाळ दिवशीही तेच, उजेड चहूकडून येतो. तेव्हापासून बेस काळाच, तोही मॅट.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बाजारपेठेसकट दुकान पाण्यात गेलं. सेल वाचले, चुंबकं गेली. निकेलचा मुलामा जिथे टवका उडालेला तिथून गंज शिरला आणि महिन्याभरात ती हातात भुगा व्हायला लागली. नंतरचे पाच महिने यंत्रांना हात लावायला सवड नव्हती, कारण नदीकाठच्या भिजलेल्या मोटरींची दुकानापुढे रांग होती. पुराने जे नेलं ते जुन्या धंद्याने भरून दिलं, एवढंच म्हणतो.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा झाला. आमचं खेळणं की उपकरण, यावर घरात बरीच चर्चा झाली. मी खेळणं म्हणायला तयार नव्हतो, आणि ते नियमाच्या भीतीने नव्हे. आमची चुंबकं निओडिमियमची, फार जोरदार; तसली दोन लहान पोराने गिळली तर ती आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना धरतात, आतडं फाटतं. म्हणून नववीच्या पुढच्या वर्गांनाच देतो, खोक्यावर ‘१४ वर्षांवरील’ छापतो आणि चुंबकं आम्हीच इपॉक्सीने बसवून पाठवतो.

बाकी सगळं मात्र आता सुटं देतो. तयार यंत्र शाळेत कपाटात जातं आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सुट्या किटमध्ये तार मुलं गुंडाळतात, सेल मुलं डागतात, आणि साहजिकच पहिल्या फटक्यात फिरत नाही. फोन वाढले. त्यासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाआधी आठवडाभर ते माझ्याच खिशात असतं. निम्म्या फोनांना उत्तर एकच : आधी उन्हात न्या. उरलेल्यांत बहुतेक सेल उलटा किंवा तारेवरचा इनॅमलचा थर टोकाला नीट खरवडलेला नाही.

मागच्या वर्षी जतकडून एका मुलीचा फोन आला. “काका, फिरतंय, पण उलटं. तुमच्या कागदावर बाण दुसरीकडे आहे.” अशी तक्रार पहिलीच. सांगितलं, दोन्ही कॉइलची टोकं सोडवून उलटी डाग, सरळ फिरेल. फोन चालूच होता, खुडबुड ऐकू आली. मग म्हणाली, “झालं. पण काका, मैत्रीण टेबलाच्या पलीकडे उभी आहे, ती म्हणते आधीच बरोबर होतं. बाण कुठल्या टोकाकडून बघायचा?”

कागद दहा वर्षं तोच छापत होतो. मी तिला म्हटलं, काचेकडून. मग फोन ठेवला आणि प्रेसवाल्याला लावला, पुढचा लॉट छापायचा थांबव म्हणून.