तुम्ही विचारलंत म्हणून: तेविसावे जॉनच का?

वसईतल्या आमच्या चर्चमधली तरुण मुलं मला नेहमी विचारतात, दुसरे जॉन पॉल सव्वीस वर्षं पोप होते, तेविसाव्या जॉन यांची तर पाच वर्षंही भरली नाहीत. मग तुम्ही सारखं त्यांचंच नाव का घेता?

कारण त्यांची मला सगळ्यात मोलाची वाटणारी वीस वर्षं पोप होण्याआधीची आहेत.

तेविसाव्या जॉन यांचं मूळ नाव आंजेलो रोंकाल्ली. ते उत्तर इटलीतल्या सोत्तो इल मोंते गावचे. जन्म १८८१ चा. घरचे लोक दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसायचे. १९०४ मध्ये ते धर्मगुरू झाले, पुढे बेर्गामोच्या बिशपांचे सचिव. १९२५ मध्ये रोमनं त्यांना आर्चबिशप करून बल्गेरियाला पाठवलं. तिथे कॅथलिक मूठभर, बाकी बहुतेक ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमच्या पोपना न मानणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चचे ख्रिस्ती. मोठ्या पदांच्या वाटेवरचा हा मुलूख नव्हेच. तिथे दहा वर्षं काढली, मग आणखी दहा वर्षं तुर्कस्तान आणि ग्रीसचं काम बघत इस्तंबूलला.

तुर्की सरकारनं धर्मगुरूंच्या झग्यांवर बंदी घातली, तेव्हा यांनी कुरकुर न करता साधा सूट चढवला. १९३६ च्या सुमारास चर्चमधल्या स्तुतिप्रार्थनेत त्यांनी तुर्की आणली. ‘तान्री मुबारेक ओल्सुन’, म्हणजे देव धन्य असो. हे ऐकून काही जण नाराज होऊन चर्चमधून निघून गेले. रोंकाल्लींनी मात्र आपल्याला आनंद झाल्याचं डायरीत लिहून ठेवलं. महायुद्धात नाझींच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या ज्यूंसाठी त्यांनी याच शहरातून खटपट केली. परक्यांच्या गावात राहून परक्यांना आपलं मानणं हेच माझ्या लेखी त्यांचं खरं शिक्षण.

पुढे पॅरिस, मग व्हेनिस. १९५३ च्या जानेवारीत ते कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, झाले, त्याच वेळी आपले मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियसही झाले, भारतातले पहिले कार्डिनल. २८ ऑक्टोबर १९५८ ला रोंकाल्ली पोप निवडले गेले. वय ७६. पुष्कळांना वाटलं, हे चार दिवस गादी सांभाळतील. त्या नाताळात ते रोमच्या तुरुंगात गेले आणि कैद्यांना म्हणाले, तुम्हाला माझ्याकडे येता येत नाही, म्हणून मीच आलो. महिन्याभरात, २५ जानेवारी १९५९ ला, त्यांनी जगभरच्या बिशपांची परिषद बोलावत असल्याचं जाहीर केलं. दुसरी व्हॅटिकन परिषद ती हीच.

मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, ती पूर्वी लॅटिनमध्ये व्हायची. मराठी मिस्सा त्यांनीच दिली असं काही जण म्हणतात, ते सरसकट खरं नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये त्यांनीच सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांतल्या, लॅटिनचा आग्रह धरणारं पत्र काढलं होतं. लोकभाषेला वाट करून देणारा उपासनेचा दस्तऐवज या परिषदेत २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला आणि ४ डिसेंबर १९६३ ला त्यांच्यानंतरचे पोप सहावे पॉल यांनी तो जाहीर केला. तेविसावे जॉन ३ जूनलाच पोटाच्या कर्करोगानं गेले होते. पण परिषद बोलावली त्यांनीच, आणि वयाच्या ७७ व्या वर्षी ते धाडस कुठून आलं हे मला इस्तंबूलकडे बघितल्यावर कळतं.

माझी आजी लॅटिन मिस्सा चालू असताना बाकावर बसून रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणायची. फादर काय म्हणताहेत ते तिला कळायचंच नाही. साठी उलटल्यावर तिनं वेदीवरून मराठी ऐकली, आणि त्या रविवारपासून मिस्सेत रोझरी पिशवीतच ठेवली.