केमोच्या दिवशी एवढा वेळ कशात जातो?

वेळ १० ची दिली म्हणून औषध १० ला सुरू होत नाही. आधी रक्त तपासतात: हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि मुख्य म्हणजे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या फार कमी असतील तर केमो पुढे ढकलतात. याचा अर्थ आजार वाढला असा नसतो; अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्तपेशी तयार करणारा भाग) अजून सावरलेली नसते, इतकंच.

मग वजन. बऱ्याच औषधांचा डोस उंची-वजनावरून ठरतो, म्हणून चपला काढून उभं राहा. रिपोर्ट ठीक आला की औषध तयार करायला घेतात. तोवर सलाइन आणि उलटीवरचं इंजेक्शन.

सुईच्या जागी जळजळ किंवा सूज वाटली तर लगेच नर्सला हाक मारा. इथे सोशिकपणा नकोच! काही औषधं शिरेबाहेर झिरपली तर आजूबाजूची कातडी जळते.

घरी थर्मामीटर हवाच. ताप ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) झाला तर मध्यरात्रीही हॉस्पिटलला फोन करा. त्याआधी परस्पर पॅरासिटामॉल घेऊ नका. ताप उतरतो, संसर्ग मात्र तसाच राहतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी केमोनंतर साधारण ७ ते १४ व्या दिवसांत सर्वांत कमी असतात.