लाइन गेली की आमच्या घरचा फोन

मे महिन्यात संध्याकाळी वारं-वादळ सुटलं की आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत लाइन जाणार, हे ठरलेलंच. कूलर बंद पडतो आणि पोरं लगेच मोबाइलचा टॉर्च लावतात. कशाला बाप्पा, मेणबत्ती आहे ना घरात!

मी आधी मोबाइल डेटा बंद करते. पण खरी बॅटरी खाते ती कमजोर रेंज. लाइन नसली की टॉवरही बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालतात; जवळचा टॉवर बंद पडला की फोन लांबचा शोधत बसतो आणि तिथवर पोचायला जास्त ताकद लावतो. म्हणून रेंजची एकच काडी उरली की सरळ एअरप्लेन मोड. अमरावतीला आईला सांगूनच ठेवलंय, दर तासाला पाच मिनिटं फोन चालू करीन, तेव्हाच लाव. कॉल लागला नाही तरी साधा एसएमएस बरेचदा जातो. त्याला नेट लागत नाही.

४५ अंशांत तापलेला फोन चार्जिंगला लावू नका, लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. आमचे भाऊजी तो थंड करायला फ्रिजमध्ये ठेवतात! आत ओल धरते, सांगून थकले. पॉवर बँक मात्र मी सकाळीच भरून घेते, दुपारनंतर लाइनचा काय भरवसा.