काकांच्या कपाशीतली अळी

जालना जिल्ह्यातल्या एका काकांनी किडकी बोंडं आणि थोडी पानं पिशवीत भरून दिली, तेव्हा ते संतापलेलेच होते. "म्याडम, बियाणंच बोगस हाय. बीटी म्हनून घेतलं अन् समद्या बोंडात अळी." कवडी झालेला कापूस हातात आल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

म्हणून विभागातल्या प्रयोगशाळेत आल्याबरोबर आधी पानं तपासली. पान चुरडून त्या रसात पट्टी बुडवली. क्राय1एसी आणि क्राय2एबी, बीटी कपाशीतल्या अळीला मारणाऱ्या दोन्ही प्रथिनांच्या रेघा उमटल्या. बियाणं अस्सल होतं.

मग अळी, म्हणजे गुलाबी बोंडअळी. बोंड फोडलं की सरकीत तोंड खुपसून बसलेली सापडते. बर्फावर ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली चिरून मधलं आतडं चिमट्यानं उचलायचं. हात थरथरून चालत नाही आणि रेंगाळूनही नाही, आरएनए लगेच तुटतो. या आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं प्रथिन असतं. क्राय1एसी त्याला चिकटलं, की पुढे पेशी फुटतात आणि अळी मरते.

आतड्यातल्या आरएनएवरून कॅडहेरिनच्या जीनच्या प्रती वाढवल्या, जेलमध्ये लांबीप्रमाणे वेगळ्या केल्या आणि संध्याकाळी ते जेल यूव्हीखाली ठेवलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, बीटीनं मरणाऱ्या अळीच्या रांगेत एकच ठसठशीत पट्टा. काकांच्या एकेका अळीत मात्र दोन-दोन, तीन-तीन, तेही आखूड. मी ओरडूनच सरांना बोलावलं. त्यांनी पहिलं विचारलं, "पाण्याचा कंट्रोल?" म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली रांग. ती स्वच्छ होती.

जीनची प्रत तयार होताना मधले तुकडे गाळून उरलेले जोडले जातात. ही जोडणी बिघडली की कॅडहेरिन अर्धवट बनतं आणि विषाला चिकटायला जागा उरत नाही. भारतातल्या शेतांमधल्या गुलाबी बोंडअळीत या जीनची अशी आठ बिघडलेली रूपं (अलील) आणि त्यांच्या 19 वेगवेगळ्या प्रती 2014 साली प्रसिद्ध झाल्या होत्या. तो पेपर मला जवळजवळ पाठ आहे. पण आपल्या मराठवाड्यातल्या अळीत तसं काही समोर दिसणं वेगळंच. अर्थात सिक्वेन्सिंग होईपर्यंत पक्कं म्हणता येणार नाही.

एका जीनचं बीटी 2002 मध्ये आलं, दोन जीनचं 2006 मध्ये. बीटीनं मरणाऱ्या अळ्याही टिकाव्यात आणि बदललेल्या अळ्यांचंच राज्य होऊ नये, म्हणून सोबत दिलेल्या बिगर-बीटी बियाण्याच्या ओळी फार थोड्यांनी लावल्या. मी त्यांना दोष देत नाही. दोन एकर कोरडवाहूत अळीसाठी ओळी सोडायला कोण धजेल?

रात्री काकांना फोन केला. "काका, बियाणं खरं आहे. अळीच बदललेली दिसतेय."

"मंग फरदड ठिवू नको म्हन्ता? येचनी झाल्यावर पीक तसंच रानात ठिवायचं न्हाई?"

"अजिबात नको. डिसेंबरअखेर पऱ्हाटी, कपाशीची सगळी झाडं, उपटा, बांधावर ढीगही लावू नका. अळी त्यातच सुप्त राहते."

"म्या उपटतो वो. पन शेजारी भावकीचं रान हाय. त्यायनं ठिवली तर?"

पतंग बांधापलीकडून उडून येणारच. मी म्हटलं, "भावकीलाही बोलवा. रविवारी आम्ही पट्ट्या घेऊन येतो, दोन्ही रानांतली पानं सगळ्यांसमोर तपासू."